उजनीच्या फुगवट्यात मरळीसाठी स्पिनरबेट: कोणतं पातं, कसं बांधायचं?

भिगवणचा_गळ

नमस्कार मंडळी. गांडूळ लावून चिलापी आणि शिंगाळा लहानपणापासून धरतोय, लूरने, म्हणजे नकली आमिषाने, मरळ धरायला मात्र गेल्या वर्षी लागलो. आजवर रबरी बेडूकच वापरला. आता तीन स्पिनरबेट (वाकवलेल्या तारेवर फिरती पाती असलेलं लूर) मागवलीत. एक १४ ग्रॅमचं, दोन लांबट पात्यांचं. बाकीची दोन १० ग्रॅमची, एकेका गोल पात्याची.

पाणी अजून गढूळ आहे, कोपरापर्यंत हात बुडवला की बोटं दिसत नाहीत. रविवारी बुडालेल्या बाभळींच्या कडेने तीन तास लांबट पात्यांचं टाकलं. दोनदा मागून धक्का बसला, पण मासा लागला नाही. जोरात ओढलं की ते कुशीवर आडवं होतं. आणि तारेच्या वाकात मारलेली गाठ सरकून वरच्या तारेवर जाते. मग पुढचा फेकाच वाया.

सध्याच्या पाण्याला यातलं कुठलं चालेल? आणि धक्का बसूनही मासा लागत का नाही?

भीमाकाठ

तुमच्याच पाण्यावर, पळसदेवच्या बाजूला, मी बरीच वर्षं टाकतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पातं. लांबट पातं, म्हणजे विलो, चमकतं जास्त आणि पाण्याला धक्का कमी देतं. ते चालतं वेगाने आणि थोडं खोल. उन्हाळ्यात पाणी निवळलं की त्याचे दिवस. गोल पातं, म्हणजे कोलोरॅडो, पाणी अक्षरशः ढवळतं. रॉडच्या मुठीत थडथड जाणवते ती त्याचीच. गढुळात मरळीला चमक दिसणार कुठून? तिथे ती अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्यातला हेलकावा टिपते. म्हणून आज तुमची १० ग्रॅमची दोन काढा, १४ ग्रॅमचं डब्यात ठेवा. गोल पात्याचा दुसरा फायदा असा की ते लूरला वर उचलून धरतं. हळू ओढलं तरी शेवाळाच्या माथ्यावरून जातं. गढुळात सोनेरी किंवा तांबूस पातं आणि गळाभोवती पोपटी-पिवळी झालर, निवळ पाण्यात रुपेरी आणि पांढरी, एवढं मला पुरतं. रंगावर याहून जास्त पैसे घालवू नका.

आता आडवं होण्याचं. स्पिनरबेट सेफ्टी पिनसारखं असतं: खालच्या तारेवर शिशाचं डोकं आणि गळ, वरच्या तारेवर पाती. समोरून डोळ्यासमोर धरून बघा. वरची तार गळाच्या टोकाच्या बरोबर रेषेत हवी. पाठवताना, डब्यात दाबून, एखाद्या माशाने ओढून ती वाकते आणि लूर कलतं. बोटांनी हळूहळू सरळ करा, काठाजवळ ओढून बघा, पुन्हा करा. तीच जागा सारखी वाकवलीत तर तार तुटते, म्हणून एका वेळी थोडंच. तार सरळ असूनही आडवं झालं तर वेग जास्त आहे.

पात्याची फिरकी, म्हणजे पातं जिच्यावर फिरतं ती कडी, घरीच तपासा. पातं लोंबतं धरून फुंकर मारा. फिरलं तर ठीक. अडखळलं तर तेलाचा थेंब, तेवढ्यानेही नाही जमलं तर छर्ऱ्याची (बॉल बेअरिंगची) फिरकी बदलून घ्या. सगळं लूर त्या पैशाएवढ्या तुकड्यावर चालतं. इथे काटकसर केलेली मला दोनदा महागात पडली.

गाठीचं दुखणं सोपं आहे. वाक उघडा असेल, बंद कडी नसेल, तर तिथे क्लिप लावायचीच नाही, ती वर चढते. पालोमार गाठ थेट तारेवर मारा, आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा अर्धा सेंटिमीटर तुकडा वाकाच्या वरच्या तारेवर आधीच चढवून ठेवा. गाठ तिथेच अडते. मी ३० पौंडी वेणीची (धागे गुंफलेली) लाइन आणि पुढे हातभर ४० पौंडी लीडर, म्हणजे टोकाचा दणकट तुकडा, वापरतो. बाभळीच्या खोडाला घासून वेणी तुटते, म्हणून लीडर.

धक्क्याबद्दल. झालर गळाच्या वाकाच्या पुढे बोटभर लोंबत असेल तर मासा झालरच ओढतो. कात्रीने गळाच्या वाकापुढे जेमतेम राहील एवढी कापा. एवढं करूनही चुकत असेल तरच जोडगळ, म्हणजे मुख्य गळात मागे अडकवलेला दुसरा गळ. त्याच्या डोळ्यावर व्हॉल्व्ह ट्यूब चढवायची आणि मुख्य गळाचं टोक त्या ट्यूबमधून, डोळ्यातून पार करायचं. दोन्ही टोकं वर राहिली पाहिजेत. दाट शेवाळात मात्र जोडगळ काढून ठेवा. स्पिनरबेट गवतातून निसटतं ते वरची तार गळाच्या पुढे ढालीसारखी असते म्हणून, आणि जोडगळ त्या ढालीच्या मागे लोंबतो.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: थडथड ऐका. ती अचानक थांबली म्हणजे पात्यात शेवाळ अडकलं किंवा मासा मागून आला. दोन्ही वेळा रॉड आडवा मागे खेचा. शेवाळ असेल तर काही बिघडत नाही.

तलावकाठचा_भंडारा

वरचं सगळं पटलं. एवढंच जोडतो: जलपर्णीचा सलग गालिचा असेल तर बेडूकच टाका, तिथे स्पिनरबेटला खाली उतरायला जागाच नाही. त्याची जागा गालिच्याच्या कडेला. काठाला समांतर फेका, म्हणजे पूर्ण फेका माशाच्या टप्प्यात राहतो.

आमच्या मालगुजारी तलावांत (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या) कमळाच्या पानांमध्ये चुळबुळ दिसते, मरळ हवा घ्यायला वर येते ती. तिच्या डोक्यावर टाकू नका, दोन हात पुढे टाकून तिच्याजवळून आणा. लूर पडायच्या क्षणी स्पूलवर बोट ठेवा, नाहीतर पाती लाइनमध्ये गुंततात.

एक कळकळीची विनंती. पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा घोळका दिसला तर तिथे टाकू नका. खाली नर-मादी राखण करत असतात आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. तो चावा भुकेचा नसतो. ती जोडी उचलली की बाकीचे मासे पिल्लं फस्त करतात. आणि तलाव मच्छीमार संस्थेच्या ताब्यात असेल तर आधी ढिवर (मासेमार) मंडळींना विचारा. माझ्या गावी त्यांनीच मला मरळीच्या जागा दाखवल्या.

भिगवणचा_गळ

दोघांचेही मनापासून आभार. झालर कापली, ट्यूब चढवली, तार सरळ केली. एका १० ग्रॅमच्या लूरचं पातं फुंकरीने हललंच नाही, फिरकी गंजली होती. दुसरं घेऊन आज पहाटे गेलो. पाचव्या-सहाव्या फेक्याला थडथड थांबली. शेवाळच असेल असं वाटलं, तरी सांगितल्याप्रमाणे खेचलं. दोन किलोच्या आसपासची मरळ! गळ वरच्या जबड्यात होता, पक्कडने काढला.

एक विचारायचं राहिलं. सूर्य वर आल्यावर चावा एकदम थांबला. तेव्हा खोलात हळू ओढू, की जागा बदलू?

भीमाकाठ

अभिनंदन! मरळ धरल्यावर लीडरचा शेवटचा वीतभर बोटांत चाचपून बघत जा. खरखरीत लागला तर तेवढा कापून गाठ नव्याने मारा, दातांनी तो सोललेला असतो.

उन्हात आधी सावलीची जागा बघा, झुकलेल्या बाभळीखाली किंवा बुडालेल्या जुन्या बांधाच्या उतरत्या बाजूला. तिथे लूर खाली पडू द्या, पडतानाही गोल पातं फिरत असतं, म्हणून लाइन ताणलेलीच ठेवा. बरेच चावे त्या पडण्यातच येतात. तळाला लागलं की थडथड जेमतेम जाणवेल इतकं हळू आणा. दहा-बारा फेक्यांत काही नाही लागलं तर पुढचं झाड.