जबड्याचं ऑपरेशन ठरलंय, अलाइनर घ्यावेत की तारा? (सांगली-मिरज)

पलूसची_लेक
नमस्कार. माझं वय २३. खालचा जबडा पुढे आहे. समोरच्या दातांनी घास तुटत नाही, भाकरीचा तुकडासुद्धा दाढेखाली धरून तोडावा लागतो. सांगलीत दोघा डॉक्टरांना दाखवलं. दोघंही म्हणाले, वाढ पूर्ण झालीय, आता नुसते दात सरकवून भागणार नाही, जबड्याचं ऑपरेशन लागेल. फक्त एक म्हणतात ताराच लावा, दुसरे म्हणतात अलाइनरही (दातांवर घालायचे पारदर्शक साचे) चालतील. मी विश्रामबागेत क्लासमध्ये शिकवते, दिवसभर मुलांसमोर उभी असते, म्हणून मन अलाइनरकडे ओढतंय. आईचंही म्हणणं, तोंडात काही दिसायला नको. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

मिरजवाला
ताई, माझाही खालचा जबडा असाच होता. २ वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, तारांवर.

आधी हे समजून घ्या की तारा फक्त दात सरकवायला नसतात. ऑपरेशन चालू असताना सर्जनला वरचे-खालचे दात एकमेकांना बांधून धरावे लागतात. हाड कापून नव्या जागी नेलं, ते बरोबर बसलं का, हे दातांच्या आधारानंच ठरतं. मगच टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू बसवतात. म्हणून ऑपरेशनच्या आधी जाड चौकोनी तार घालून तिला बारीक हुक लावतात. पुढे काही आठवडे रबरं त्याच हुकांना. मला बहीण मोबाईलचा टॉर्च धरायची आणि मी आरशात बघत चिमट्यानं एकेक रबर ओढायचो. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं, मागच्या हुकापर्यंत जाता जाता रबर सुटून जिभेखाली जायचं, की परत पहिल्यापासून. अलाइनर हा काढता-घालता येणारा साचा, त्याला बांधणार काय? त्यामुळे अलाइनर घेतले तरी ऑपरेशनच्या सुमारास दातांवर बटणं किंवा ब्रॅकेट (तार अडकवायचे छोटे तुकडे) चिकटवतात, नाहीतर हिरडीतून हाडात छोटे स्क्रू घालतात.

आणि एक गोष्ट मला कुणी नीट सांगितली नव्हती. तारा लावल्यावर माझा चेहरा आधी आणखी बिघडला. आपल्यासारख्यांचे खालचे दात आत आणि वरचे बाहेर कललेले असतात, जबड्यातला फरक त्यामुळे थोडा झाकला जातो. ते दात सरळ केले की हनुवटी अजून पुढे दिसते. आईनं तर डॉक्टरांना विचारलंच, "पोराचं बिघडवलं का हो?" बिघडवलं नव्हतं, दात सरळ झाल्याशिवाय हाड पुरेसं मागं नेता येत नाही. हे अलाइनरमध्येही होणारच. तेव्हा कुणाला कळू नये म्हणून अलाइनर घेत असाल तर तो हिशेब चुकेल. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा.

वारणाकाठ
मी अलाइनरवर केलं आणि समाधानी आहे. पण माझे दात फारसे वेडेवाकडे नव्हते, एकही काढावा लागला नाही. दिवसाचे २२ तास घालायचे म्हणजे घालायचेच. चहा प्यायचा तरी काढा, चूळ भरा, परत घाला. घरात लग्न होतं तेव्हा चार दिवस हयगय झाली, तर पुढचा साचा बसेना. दातांवर दाताच्याच रंगाचे उंचवटे चिकटवतात, जवळून पाहिलं की दिसतात. फायदा म्हणजे ब्रश नीट करता येतो, हिरड्या सुजत नाहीत.

मला त्रास झाला तो वेगळाच. अलाइनर देणाऱ्या क्लिनिकनं सुरुवातीला शब्द दिला होता की तार लागणारच नाही. ऑपरेशनला दोन आठवडे उरले तेव्हा सर्जन म्हणाले, मला हुक हवेत. धावपळ करून ब्रॅकेट लावले. ऑपरेशननंतर तोंड उघडेपर्यंत नवं स्कॅन होईना, म्हणून पुढचे साचेही लांबले. म्हणून पैसे भरायच्या आधी अलाइनर देणारे डॉक्टर आणि सर्जन, दोघांना एकमेकांशी बोलायला लावा.

आई_दोघांची
ऑनलाइन मागवायचे अलाइनर या कामाला चुकूनही घेऊ नका.

दातांची_विद्यार्थिनी
ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस (पदव्युत्तर शिक्षण) करतेय. तुमचे फोटो-एक्सरे न पाहता निवड सांगणं बरोबर नाही. पण दात काढून जागा बंद करायची असेल, गोल दाढा फिरलेल्या असतील किंवा दात वर-खाली आणायचे असतील, तर तारांनी काम जास्त खात्रीचं होतं. दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट हा मधला मार्ग, पण ते ठिसूळ असतात, काही सर्जनना ऑपरेशनच्या वेळी नको असतात. सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी ऑर्थो आणि सर्जरी हे दोन्ही विभाग एकाच छताखाली मिळतात, एकदा दाखवून घ्या. खालच्या अक्कलदाढा असतील तर लगेच विचारा. त्या बहुतेक वेळा ऑपरेशनच्या साधारण ६ महिने आधी काढतात, म्हणजे तिथलं हाड भरून येतं.

पलूसची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही अक्कलदाढा आहेत. आता आधी सर्जनना दाखवते, साचा की तार ते नंतर. बहुतेक ताराच लावेन. मुलं चार दिवस बघतील, मग विसरतील. मिरजवाला दादा, ओठ बधिर होतो म्हणतात, ते खरं का?

मिरजवाला
खरं आहे. खालच्या ओठाची नस त्याच हाडातून जाते. पहिले दोन महिने आंबील पिताना हनुवटीवरून ओघळायची आणि मला पत्ता नसायचा, बहीण समोरून खूण करायची. डावी बाजू पाचव्या महिन्यात परत आली. आधी मुंग्या आल्या, मग दाढी करताना पाणी गार लागलं. उजवीकडे नखाएवढी जागा अजून बधिर आहे. मी भाकरी समोरच्या दातांनी तोडतो.