पुश केल्याने फिल्मचा स्पीड वाढतो हे आधी डोक्यातून काढा

अंधारकोठडी:
परवा एकाने एचपी५ ची (इलफर्डची ४०० स्पीडची कृष्णधवल फिल्म) निगेटिव्ह दाखवली, १६०० ला पुश केलेली, म्हणजे १६०० ची समजून कमी प्रकाश दिलेली आणि मग जास्त वेळ धुतलेली, स्टेजवरच्या गाण्याची. गायिकेचा चेहरा ठीकठाक पण केस, काळे कपडे, मागचे वादक म्हणाल तर कोरी पट्टी, काहीच नाही. आणि वर म्हणतो धुताना वेळ कमी पडला असणार. अरे बाबा, अजून तासभर ठेवली असतीस तरी तिथे काही आलं नसतं, कारण तिथे प्रकाश पोचलाच नव्हता. फिल्मचा स्पीड सावलीवर मोजतात, बेस आणि फॉगच्या (प्रकाश न पडलेल्या फिल्मचा मूळचा करडेपणा) वर ०.१ डेन्सिटी (काळेपणा) यायला किती प्रकाश लागतो त्यावर. डेव्हलपरमधे (फिल्म धुवायच्या रसायनात) जास्त वेळ ठेवलं की उजेडाकडची बाजू भराभर वर चढते, सावली जेमतेम हलते. मायक्रोफेन किंवा डीडी-एक्स असल्या डेव्हलपरमधे थोडाफार खरा स्पीड मिळतो, पण दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा)? नाव सोडा. पुश म्हणजे कमी एक्स्पोजर द्यायचं आणि कॉन्ट्रास्ट वाढवून ते झाकायचं, बाकी काही नाही. माझं मत, अंधारात पुश करणं ही नव्वद टक्के वेळा स्वतःची फसवणूक आहे.

दाणेदार:
थिअरी शंभर टक्के बरोबर आणि निष्कर्ष साफ चुकीचा. सावली हवी म्हणून कोण पुश करतं? मी तरी नाही करत. मला चेहरा स्थिर हवा असतो. समजा एफ२ ॲपर्चरला ४०० वर मीटर १/१५ सेकंद म्हणतोय, गाणारा माणूस १/१५ ला हलणारच, हात तर नुसते धूर दिसतात. १६०० धरलं की १/६० मिळतो, संपला विषय. आता हाच रोल नेहमीच्या वेळेत धुतला तर चेहरा दोन स्टॉप खाली, पातळ, प्रिंटमधे नुसता चिखल. एचपी५ मायक्रोफेनमधे २० डिग्रीला ४०० साठी साडेसहा मिनिटं आणि १६०० साठी ११, ती वरची साडेचार मिनिटं सावलीसाठी नाहीतच, चेहरा जागेवर आणायला आहेत. काळे कपडे काळे आले तर बिघडलं कुठे?

अंधारकोठडी:
बरं, चेहऱ्यावरच बोलू. स्पॉटलाइटखालचा चेहरा मुळात अंधारात असतो का? मीटर सगळ्या फ्रेमचा हिशोब करतो, त्यात पाऊण फ्रेम काळा पडदा, त्यामुळे तो सांगतो प्रकाश नाही, प्रकाश नाही. स्पॉट मीटर फक्त गालावर धरून बघ, बऱ्याचदा ४०० लाच १/६० मिळून जातो. म्हणजे गरज नसताना पुश, वर स्टेजच्या लाइटचा आधीच भयंकर असलेला कॉन्ट्रास्ट अजून वाढवायचा, मग कपाळ आणि नाक पांढरंफटक. रात्रीच्या रस्त्यावरचे दिवे, तीच गत. पुश शोभतो तो सपाट मंद उजेडात, ढगाळ संध्याकाळ, धुकं वगैरे, जिथे कॉन्ट्रास्ट मुळातच कमी असतो. आणि लोक करतात बरोबर उलटं.

दाणेदार:
पडद्याचा मुद्दा मान्य, मीही त्यात फसलोय, आणि एकदा नाही. पण खोलीत एकच दिवा आहे आणि माणूस त्याच्यापासून लांब बसलाय, तिथे गालावर मीटर धरूनही १/८ च येतो, मग काय कॅमेरा बंद करून बसू?

अंधारकोठडी:
डेल्टा ३२०० फिल्म घाल. तिचाही खरा आयएसओ (स्पीड) १००० आहे, इलफर्ड स्वतः लिहितं, कोडॅकची पी३२०० पण साधारण त्याच घरातली, त्यातला पी म्हणजे पुशच. पण या फिल्म त्याच हिशोबाने बनवल्यात, कॉन्ट्रास्ट मुळात कमी, जास्त डेव्हलपमेंट सहन करतात.

दाणेदार:
म्हणजे त्यातही पुशच करायचा! फक्त डबीवर ३२०० छापलंय म्हणून तुला चालतो 😄

अंधारकोठडी:
४०० पेक्षा सव्वा स्टॉप आधीच मिळालाय की तिथे. फरक आहे.

संथपाणी:
एवढी मारामारी कशाला, रॉडिनल डेव्हलपर पाण्यात १:१०० पातळ करून त्यात एक तास न हलवता ठेवून द्या, कुठल्याही स्पीडला काढलेलं चालतं.

दाणेदार:
यावर मात्र मी अंधारकोठडीच्या बाजूने. न हलवता ठेवलं की हायलाइट (उजळ भाग) आवरतात, खरंय, पण सावली कुठून आणणार? १६०० चे फोटो तर अजूनच मरगळलेले येतात, आणि माझ्या दोन रोलवर फिल्मच्या कडेच्या भोकांपासून खाली पट्टे उतरले होते ते वेगळंच.

पहिलारोल:
मधेच विचारतो, मी ट्राय-एक्सवर (कोडॅकची ४०० ची फिल्म) अर्धा रोल दिवसा ४०० ला काढला आणि रात्री डायल १६०० वर नेऊन उरलेला संपवला. आता धुवायचा कसा?

अंधारकोठडी:
डायल फिरवल्याने फिल्मला काही कळत नाही रे, तू फक्त मीटरला फसवलंस. एका टँकमधे पूर्ण रोलला एकच वेळ. ८०० चा मध्यम मार्ग सांगतील तर एक लक्षात ठेव, एका स्टॉपसाठी कोडॅक ट्राय-एक्सची वेळ बदलायलाच सांगत नाही, तेवढं फिल्म सहन करते. म्हणजे मधल्या मार्गाने रात्रीचं फारसं काही सुधारणार नाही. मी असतो तर नेहमीसारखा धुतला असता.

दाणेदार:
आणि रात्रीचे सगळे घालवले असते. १६०० च्या वेळेने धू. दिवसाच्या फ्रेम जाड होतील, दाणे वाढतील, आकाश छापताना घाम काढेल, पण हातात काहीतरी राहील. पातळ निगेटिव्ह मात्र कायमची गेली. रात्री नक्की काय काढलंयस पण?

पहिलारोल:
आजी. दिवे गेले होते, मेणबत्तीच्या उजेडात बसली होती. दिवसाचे म्हणजे नुसती झाडं.

अंधारकोठडी:
मग १६०० नेच धू. झाडं परत काढता येतील.

(मेणबत्तीच्या बाजूचा गाल पांढराफटक उडणार आहे एवढं आत्ताच सांगून ठेवतो. टँक हलवताना हात हलका ठेव.)