मुलांच्या वाचनाचं काय करता? घरात घडलेलं सांगा

माझा मुलगा तिसरीत आहे. पुस्तक दिसलं की त्याला जांभया येतात. मे महिन्यात आम्ही 'दोन पानं वाच, मग मोबाईल' असा करार केला. पठ्ठ्या बरोबर मोठ्या चित्रांची पानं शोधून काढायचा. वाचन म्हणजे मोबाईलचा टोलनाका झाला! सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींनो, तुमच्या घरी काय जमलं, काय फसलं? उपदेश नकोत.
– विश्रामबाग, सांगली

रात्री जेवणं झाली की मी नातीला वाचून दाखवतो. ऐन रंगात आलं की चष्मा काढून ठेवायचा. "आजोबा, पुढं?" "डोळे दुखतात गं, उद्या." आठवडाभर चाललं. मग एके सकाळी तिनंच मला पुढची गोष्ट सांगितली. निम्मी पुस्तकातली, निम्मी तिची. मी काही दुरुस्त करत बसलो नाही.
– सातारा

आमचं फसलं. पाच हजारांचा संच आणला, काचेच्या कपाटात लावला. खराब होऊ नये म्हणून कुलूप घातलं. पुढचं काय सांगू?
– इस्लामपूर

पोरांना भिलारला नेलं होतं. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं, 2017 पासूनचं पुस्तकांचं गाव. एकेका घरात एकेका विषयाची पुस्तकं, कुणीही जावं, बसून वाचावं. आमची दोघं आधी स्ट्रॉबेरीच्या रानाकडंच पळाली. धाकटी मात्र एका घराच्या ओसरीवर दीड तास बसली, 'घरी चल' म्हटलं तर रुसली. परत आल्यावर तिनं आमच्या घराचंही भिलार केलं. न्हाणीघर सोडून सगळीकडं खडूनं पाट्या. स्वयंपाकघरात माझी पाककृतींची वही आणि गॅसचं पुस्तक, विषय 'विज्ञान'. आता पाहुणे आले की आधी त्यांना गाव दाखवते, मग चहा.
– कऱ्हाड

2019 च्या पुरात आमच्या घरातली पुस्तकं गेली. नगर वाचनालयातही पाणी शिरलं होतं. लेक तेव्हा पहिलीत. लगदा झालेली पुस्तकं टाकताना ती रडली, तेव्हा कळलं की तिला ती हवी होती. पुढं वाचनालयात तिच्या नावानं खातं काढलं. पुस्तक तीच निवडते. सलग सहा वेळा भुताचंच आणलं. हिला घोर लागला, मी गप्प राहिलो. सातव्या वेळी पक्ष्यांचं आलं.
– गावभाग, सांगली

माझं शिक्षण सातवी. मला वाचून दाखवायला लाज वाटायची, अडखळायचं भ्या. म्हणून उलटं केलं. मी भाकरी थापते, लेकानं वाचायचं. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं नेटवर फुकट ठेवलेत, अगदी 1971 पासनं. तो अडखळला तर मी हसत नाही, मी अडखळले तर तो लई हसतो.
– तासगाव

सगळ्यांचे आभार. टोलनाका बंद केला. काल आजोबांची युक्ती करून बघितली, 'डोळे दुखतात' म्हणालो. पोरगं म्हणालं, "पण बाबा, तुम्हाला चष्मा कुठाय?"
– विश्रामबाग, सांगली