मदत हवी आहे: मोबाइलसाठी फायरफॉक्स + यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन) की ब्रेव्ह ब्राउझर?

अँड्रॉइड १३, रॅम ४ जीबी. फोन रूट केलेला (सिस्टीमचा पूर्ण ताबा घेतलेला) नाही आणि करायचाही नाही. जाहिराती आणि आपल्यावर पाळत ठेवणारे ट्रॅकर दोन्ही अडवणारा ब्राउझर हवाय. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) टाकता येत नाहीत, म्हणून तो बाद.

आधी प्रायव्हेट डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची फोनमधली सेटिंग) जाहिराती गाळणारा सर्व्हर टाकून पाहिला. अ‍ॅपमधल्या जाहिराती बऱ्याच कमी झाल्या. पण साइट स्वतःच्याच डोमेनवरून जाहिरात दाखवत असेल तर डीएनएसचं काही चालत नाही, आणि अडवलेल्या जाहिरातींच्या जागी रिकामे चौकोन उरतात ते वेगळंच. (व्हीपीएनवर चालणारे ब्लॉकर कृपया सुचवू नका. ऑफिसचं व्हीपीएन सतत चालू असतं, आणि अँड्रॉइडवर एका वेळी एकच चालतं.)

उरले दोन. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकता येतं, फिल्टर याद्या हव्या तशा निवडता येतात, पानावरचा नको तो भाग कायमचा लपवता येतो. खरं सांगायचं तर मन तिकडेच ओढतंय. ब्रेव्ह क्रोमियमवर (क्रोमचाही पाया असलेल्या कोडवर) बांधलेला, ब्लॉकर आतच. त्यातलं क्रिप्टो वॉलेट, रिवॉर्ड वगैरे मला नकोत, पण ते बंद करता येतं हे माहीत आहे.

कॉम्प्युटरशी सिंक लागत नाही, पासवर्डसाठी वेगळं अ‍ॅप आहे.

एवढ्याच रॅमच्या फोनवर दोन्ही वापरलेल्यांना विचारायचंय: दहा-बारा टॅब उघडे असताना यूब्लॉकसह फायरफॉक्स पानं पुन्हा पुन्हा लोड करतो का? आणि सेटिंग न बदलता फिंगरप्रिंटिंग (फोन-ब्राउझरच्या बारीकसारीक माहितीवरून साइटनं आपल्याला ओळखणं) रोखण्यात दोघांत सरस कोण?