इम्युलेटरवर ॲप चालतं, आईच्या फोनवर यादीच येत नाही

रतीबवाला: नमस्कार मंडळी. आईसाठी दुधाच्या रतिबाचं ॲप बनवलंय. ४५ घरं आहेत. कुणाचं किती लिटर, कुणाचा कधी खाडा, हे सगळं ती दाराआडच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने मांडते. महिनाअखेर हिशेबाला बसली की तिचे डोळे दुखतात, म्हणून हा खटाटोप. लॅपटॉपवर इम्युलेटरमध्ये (पडद्यावरचा नकली फोन) सगळं नीट चालतं. तिच्या अँड्रॉइड १३ च्या फोनवर मात्र ॲप उघडतं आणि नुसतं चक्र फिरत राहतं. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सातदा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडले, केबलने ॲप तपासता यावं म्हणून यूएसबी डिबगिंग चालू केलं. यादी पुरवणारा सर्व्हर लॅपटॉपवर आहे, पत्ता १०.०.२.२, पोर्ट ८०००. दोन रात्री गेल्या यात.

खटपट्या: १०.०.२.२ म्हणजे 'मी ज्या लॅपटॉपवर चालतोय तो', पण हे फक्त इम्युलेटरला कळतं. फोनला तो पत्ता सापडणारच नाही. केबल लावलेलीच आहे ना? मग टर्मिनलमध्ये 'एडीबी रिव्हर्स टीसीपी:८००० टीसीपी:८०००' द्या, म्हणजे फोनचं ८००० पोर्ट केबलमधून लॅपटॉपच्या ८००० ला जोडलं जाईल, आणि ॲपमध्ये पत्ता १२७.०.०.१ (म्हणजे फोन स्वतः) करा.

रतीबवाला: केलं. तरी यादी नाही, एरर येते: क्लिअरटेक्स्ट नॉट परमिटेड.

माईसाहेब: इम्युलेटर कितव्या अँड्रॉइडचा घेतलाय? ९ पासून साधं एचटीटीपी, म्हणजे क्लिअरटेक्स्ट, कूटबद्ध न केलेली देवाणघेवाण, आपोआप अडवलं जातं. डिबग बिल्डच्या (चाचणीच्या ॲपच्या) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये, परवानगी द्या, रिलीजमध्ये (वापरायला देण्याच्या ॲपमध्ये) ती जाऊ देऊ नका. आणि केबल काढली की ती रिव्हर्सची वाटही बंद. आई गोठ्यात लॅपटॉप घेऊन जाणार का? ४५ घरांसाठी सर्व्हर कशाला हवा, एसक्यूलाइटमध्ये (फोनमधलाच छोटा डेटाबेस) फोनवरच ठेवा की सगळं.

रतीबवाला: इम्युलेटर ८ चा होता! यादी आली. ताई, एसक्यूलाइटचं पटलं, आजच बसतो.

पण सकाळी वेगळंच कळलं. धार काढून आईने ओल्या हाताने फोन घेतला. तिने अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीत, त्यामुळे 'खाडा' बटण पडद्याच्या खालीच गेलं. शोधून शोधून शेवटी म्हणाली, "राहू दे, मी लिहिते कॅलेंडरवर." फार वाईट वाटलं. माझ्या पडद्यावर हे कधी दिसलंच नव्हतं. बटण आता वर, नावाशेजारी घेतोय. माप किती ठेवू?

माईसाहेब: कमीत कमी ४८ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) म्हणतात. ओल्या अंगठ्याला ६४ द्या. आणि उद्या धारेच्या वेळी त्यांच्या शेजारी उभे राहा, पण फोन हातात घेऊ नका.