टॅगवर ‘35 टक्के कमी पाणी’ छापावे का?

बाळलेणे:
पुण्यात माझे लहान मुलांच्या कपड्यांचे दुकान आहे आणि त्यातले काही कपडे आम्ही स्वतः शिवून घेतो. नव्या कापड पुरवठादाराने ताग्यांसोबत एक पत्रक पाठवले आहे. त्यावर कापडाला पर्यावरणासाठी मिळालेले गुण आणि ‘नेहमीच्या कापडापेक्षा 35 टक्के कमी पाणी’ असे वाक्य आहे. ते टॅगवर छापल्यास माल लवकर खपेल, असे त्यांचे म्हणणे. परंतु ‘नेहमीचे कापड’ म्हणजे कोणते, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. परदेशात अशा गुणांकनावरून मोठा वाद झाला होता, तो नेमका काय होता? आणि मी हे वाक्य छापावे का?

उभाआडवा:
तो वाद मुख्यतः ‘हिग इंडेक्स’चा. वॉलमार्ट आणि पॅटागोनिया यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘सस्टेनेबल अ‍ॅपरल कोएलिशन’ या कपडे कंपन्यांच्या संघटनेची ही मोजपट्टी, म्हणजे परीक्षार्थींनीच वर्गणी काढून परीक्षक नेमावा, तसा प्रकार. जून 2022 मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने या आकड्यांवर आधारलेली नोरोना कंपनीची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली आणि एचअँडएमलाही ताकीद दिली. सरासरीवरून काढलेला आकडा विशिष्ट कपड्याबद्दलचा पुरावा होऊ शकत नाही, हा त्यामागचा मुख्य आक्षेप होता. त्याच महिन्यात ‘क्वार्ट्झ’ या वृत्तसंकेतस्थळाने एचअँडएमची गुणपत्रके मूळ आकड्यांशी ताडून पाहिली, तेव्हा उणे चिन्हाकडे चक्क दुर्लक्ष झालेले आढळले: ज्या पोशाखाला 20 टक्के जास्त पाणी लागते, त्याच्या पत्रकावर 20 टक्के कमी लागते असे लिहिले होते! संघटनेने ग्राहकांना गुण दाखवण्याचा कार्यक्रम थांबवला आणि 2024 मध्ये ‘कॅस्केल’ हे नवे नाव घेतले.

मला स्वतःला मोठा दोष वाटतो तो मोजणी कुठे थांबते याचा. धाग्याचे कापड होईपर्यंतचाच हिशेब धरला, तर पॉलिएस्टर धुताना सुटणारे सूक्ष्म तंतू आणि फेकून दिल्यावर वर्षानुवर्षे न कुजणारा कपडा हे दोन्ही हिशेबाबाहेर राहतात, आणि खनिज तेलापासून केलेले पॉलिएस्टर सुती कापडाच्या आणि रेशमाच्या पुढे जाऊन बसते.

पऱ्हाटी:
कापसाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण आमची शेती यवतमाळ जिल्ह्यात आहे. विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. पाऊस आला तर बोंड भरते, नाही तर नाही. उझबेकिस्तानात मात्र कापसासाठी नद्यांचे पाणी कालव्यांनी वळवले गेले आणि अरल समुद्र आटत गेला. या दोन कापसांची सरासरी काढून ‘एक किलो कापसाला इतके लिटर’ असे म्हटले, तर तो आकडा ना आमचा राहतो ना त्यांचा. आमचा कापूस निर्दोष आहे असे मात्र समजू नका. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, आणि पाण्याच्या टक्केवारीत ते कुठेच दिसणार नाहीत.

रंगशाळा:
सर्वच मोजणी टाकाऊ आहे, या सुराशी मी सहमत नाही. मी कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम करतो. यंदा आपल्याच कारखान्यात एका किलो कापडामागे गेल्या वर्षीपेक्षा किती पाणी आणि किती वाफ लागली, हे कळण्यासाठी अशा मोजपट्ट्या फार उपयोगी पडतात. कारखान्यातला हा आकडा जाहिरातीत गेला की बिघाड सुरू होतो. गुणांऐवजी प्रमाणपत्र बरे, असे म्हणणाऱ्यांनीही सांभाळून असावे: 2020 मध्ये ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेनेच भारतात बनावट कागदपत्रांवर सुमारे 20,000 टन कापूस सेंद्रिय म्हणून खपवला गेल्याचे जाहीर केले होते.

कलमबहाद्दर:
आता मूळ प्रश्नाकडे वळतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये फसव्या पर्यावरणीय दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आहेत. त्यांनुसार तुलनात्मक दावा करायचा असेल, तर तुलना कशाशी आणि कोणत्या बाबतीत केली हे सांगावे लागते आणि आकडे पडताळता आले पाहिजेत. ‘पर्यावरणपूरक’सारखा मोघम शब्दही पुरेशा खुलाशाशिवाय वापरता येत नाही. टॅगवर जागा नसेल तर तपशील क्यूआर कोडमागे देता येतो, पण मुळात तपशील हाती असायला हवा. टॅगवर तुमच्या दुकानाचे नाव असेल, तर जाब प्रथम तुम्हालाच विचारला जाईल, हे लक्षात घ्यावे.

बाळलेणे:
सर्वांचे आभार. पुरवठादाराला आजच तीन प्रश्न लेखी पाठवले आहेत: तुलना कोणत्या कापडाशी केली, मोजणी कोणत्या वर्षीची आहे, आणि ती याच गिरणीत झाली की आकडा सरासरीचा आहे. उत्तर येईपर्यंत टॅगवर ‘100 टक्के सुती, इचलकरंजीत विणलेले’ एवढेच राहील. तो माग मी स्वतः जाऊन पाहिला आहे.