घरचं आजारपण सांभाळणाऱ्यांनो, तुमचं कसं चाललंय?

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की येणारा-जाणारा पेशंटची चौकशी करतो, आणि ती करायलाच हवी. इथे मात्र स्वतःबद्दल लिहा. सांभाळताना तुमच्या नोकरीचं, तब्येतीचं, मनाचं काय झालं? नाव नको, नुसतं ठिकाण पुरे.

डोंबिवली
आईला डिमेन्शिया आहे. दिवसभर बरी असते, पण तिन्हीसांजेला घालमेल सुरू होते. "मला घरी सोड" म्हणत दाराची कडी काढते. डॉक्टर म्हणाले, या आजारात संध्याकाळी असं बऱ्याच जणांना होतं. माझं ऑफिस फोर्टात. सहाला निघून सीएसएमटीहून फास्ट पकडली तरी घरी पोचायला पावणेआठ. म्हणजे तिची नेमकी वाईट वेळ मी गाडीत काढते. दिवसाच्या मावशी सातला निघतात, त्यांनाही घर आहे. लवकर सुटायची परवानगी मागितली. मिळाली, पण पगार कापून. बढतीही दुसऱ्याला गेली.

त्याचा कुणावर राग नाही. खुपतं ते वेगळंच. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला मुलांसाठी ७३० दिवसांची संगोपन रजा असते. आईवडिलांसाठी तशी वेगळी रजा तिथेही नाही, मग आमच्या खासगी कंपनीत कुठून असणार? २००७ च्या कायद्याने आईबापांना न सांभाळणाऱ्या मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवता येतो. चांगलंच आहे. पण जे सांभाळतात, त्यांची नोकरी टिकावी म्हणून काय? मला कौतुक नको, ही रजा हवी.

लालबाग
वडिलांना अर्धांगवायू. चाळीत संडास बाहेर, म्हणून खोलीतच कमोडची खुर्ची. बेडसोर होऊ नये म्हणून दर २ तासांनी कूस बदलायची, एअर बेड आणला तरी ते सुटत नाही. रात्रपाळी माझी. सकाळी कामावर डोळे मिटतात. कंबरही गेली, एमआरआयमध्ये गादी सरकलेली निघाली. बाबांना व्यायाम शिकवायला आलेल्या फिजिओथेरपिस्टनी आधी मलाच शिकवलं: कमरेत न वाकता गुडघ्यांत वाका, पेशंटला अंगाशी घ्या, उचलण्यापेक्षा चादरीनं सरकवा. डिस्चार्ज देतानाच हे प्रत्येक घराला शिकवायला हवं.

मुलुंड
मला राग येतो. बाबा नाकातली नळी ओढून काढतात. त्यांना कळत नाही हे मला कळतं, तरी येतो. कधी वाटतं, आता सुटावेत. हे सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. भाऊ बंगळूरहून पैसे वेळेवर पाठवतो आणि व्हिडिओ कॉलवर म्हणतो, "बाबा बारीक दिसतायत गं."

विलेपार्ले
मुलुंडच्या ताई, आई होती तेव्हा मलाही असंच वाटायचं. तिच्यावरची माया त्यानं कमी झाली नव्हती. भावाकडे पैशांसोबत एक आठवडाही मागा. मी मागितला. दादाने एकट्याने रात्री काढल्या, त्यानंतर त्याच्या फोनवरच्या सूचना थांबल्या आणि तो "तू जेवलीस का?" विचारू लागला. अगदीच असह्य झालं तर १४४१६ लावा, टेली-मानसची सरकारी सेवा आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मी बाथरूममध्ये नळ सोडून बोलले होते.

बोरिवली
सासूबाईंना पार्किन्सन्स. घरात मी आणि जाऊबाई दोघीच. लालबागचे दादा, ते चादरीचं नीट लिहाल का?

लालबाग
लिहितो. चादरीची आडवी घडी घाला. कुशीवर वळवून ती खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली सरकवा. दोघी दोन बाजूंना उभ्या राहा, चादरीच्या कडा त्यांच्या अंगाजवळ गुंडाळून घट्ट धरा, आणि त्यांना सांगून, तीन म्हणताच दोघींनी एकदम सरकवा. पार्किन्सन्समध्ये अंग ताठरतं, त्यामुळे जमलं तर गोळी लागू पडल्यावरच करा. आणि एकदा तरी फिजिओथेरपिस्टसमोर करून बघा, तुमच्या पाठीचा बाक ते बघतील.